फळी पुरी होईपर्यंत

कुंडी सरकवली तेव्हा आर्वोला खालचा रंग दिसला आणि तो तसाच वाकून उभा राहिला. कुंडी म्हणजे इर्माची लांबट लाकडी पेटी. विटांच्या चार तुकड्यांवर पंचवीस-सव्वीस वर्षं एका जागी बसलेली. तीत दोन उन्हाळ्यांपूर्वी वाळून गेलेल्या जिरॅनियमच्या काड्या होत्या. डेकला, म्हणजे घरामागच्या उघड्या लाकडी ओट्याला, दर तीन वर्षांनी रंग द्यायची वेळ आली की इर्मा म्हणायची, राहू दे रे ती पेटी, तिच्या भोवतीनं लाव, कंबर धरेल तुझी. आणि आर्वो, जो बायकोचं दुसरं काही फारसं ऐकायचा नाही, तो हे मात्र ऐकायचा. त्यामुळे बाकीचा सगळा डेक उन्हानं, बर्फानं आणि तलावावरून येणाऱ्या दमट वाऱ्यानं राखेसारखा करडा झाला होता आणि पेटीखालचा तेवढा चौकोन तांबूस-तपकिरी, उबदार, काल लावल्यासारखा राहिला होता. डब्यावर त्या रंगाचं नाव 'जुनं खोगीर' असं होतं. शहाऐंशी साली इर्मानं चार उरलेल्या तुकड्यांवर चार रंग लावून ते तुकडे आठवडाभर स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवले होते, सकाळच्या, दुपारच्या उजेडात, पाऊस पडताना पाहिले होते, आणि मग म्हणाली होती, खोगीर. आर्वो म्हणाला होता, आपल्या सात पिढ्यांत कुणी घोडा पाळला नाही. ती म्हणाली, म्हणूनच. कंपनीनं तो रंग बंद करून अकरा वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून डेकला रंगच लागला नव्हता. तो आता जगात कुठे नाही अशी आर्वोनं मनाची समजूत घातली होती, आणि तो इथे, पायाशी, वाळक्या फुलांच्या पेटीखाली निघाला. त्याच्या छातीत काहीतरी लक्‌कन हललं. एकोणऐंशीव्या वर्षी छातीत काही हललं की माणूस आधी डॉक्टरचा विचार करतो. आर्वोनं तो केला, थोडा वेळ वाट पाहिली, आणि मग त्याच्या लक्षात आलं की हे ते नव्हे.

मंगळवार होता. रविवारी दुपारी दोन ते पाच इर्मा घरी येणार होती. येणार म्हणजे त्यांची मुलगी ट्रूडी तिला टेकडीवरच्या त्या वृद्धांच्या निवासातून तीन तासांसाठी घेऊन येणार होती. घर विकलं गेलं होतं, महिनाअखेरीला किल्ल्या द्यायच्या होत्या, आणि ट्रूडीचं म्हणणं होतं की आईनं एकदा घर बघावं. खरं तर तिचं म्हणणं होतं की बाबानं आईला एकदा घरात बघावं, पण असं बोलायची या घरात पद्धत नव्हती. निवासात इर्मा आर्वोला ओळखत नव्हती. सुरुवातीला ओळखल्यासारखं करायची, मग तेही सुटलं. आता ती त्याला बल्ब बदलायला येणारा माणूस समजे, आणि खोलीतला दिवा मिणमिणतो अशी तक्रार त्याच्याकडे करी. त्यानं तीनदा बल्ब बदलून दिला होता. दुसरं काय करणार?

त्यानं करवत आणली आणि पेटीखालच्या फळीचा टोकाकडचा तळहाताएवढा तुकडा कापून काढला. कुंपणापलीकडे शेजारचा गॉर्डी कॉफीचा मग घेऊन उभाच होता. निवृत्त झाल्यापासून दुसऱ्याचं काम बघणं हाच त्याचा उद्योग होता.

"विकलेल्या घराची फळी कापतोयस," गॉर्डी म्हणाला. "नव्या लोकांना कळलं तर?"

"ते डेक उखडणारच आहेत. प्लास्टिकच्या फळ्या टाकणार म्हणे."

"मग तू काय करतोयस?"

"रंग देतोय."

गॉर्डीनं कॉफीचा एक घोट घेतला, तो तोंडात घोळवला. "बरं आहे," तो म्हणाला. इकडे माणसं कुणाला वेड लागलं तरी बरं आहे म्हणतात, आणि शेजारधर्म म्हणून कुंपणावरून बघत राहतात.

दुकानात रंग मिसळायच्या टेबलामागे डीअॅन होती. वीस वर्षं तीच होती, आधी काळ्या केसांची, आता पांढऱ्या. तिनं तुकडा हातात घेतला, अंगठा फिरवला, यंत्राखाली धरला. म्हणाली, "आर्वो, हे यंत्र नुसता रंग मोजत नाही हो. धूळ, तेल, वय, सगळं मोजतं. आणि तुमची फळी काय पिते ते तुमच्या फळीलाच ठाऊक. सारखा आला नाही तर मला बोल लावायचा नाही."

"सारखाच हवा."

"काही खास आहे का?"

"रविवारी पाहुणी येणार आहे."

डीअॅनला इर्माचं माहीत होतं. ती पुढे काही विचारणार होती, पण तिनं डब्याचं झाकण ठोकायला घेतलं. ठोकता ठोकता सांगितलं, "एकच हात द्या. तुम्हाला काय सांगायचं म्हणा, तुम्हीच लोकांना सांगत आलात. पण दुसरा हात दिलात तर लाकूड घेणार नाही, वरच तरंगेल. महिनाभर चिकट राहील." आर्वोनं मान हलवली. हे त्याला कुणी सांगायला नको होतं. बंदरातल्या खनिजाच्या धक्क्यावर चाळीस वर्षं क्रेन चालवलेल्या आर्वो निएमीला दोन गोष्टींचा अभिमान होता: एक म्हणजे त्याच्या हातून कधी वाटेत ओझं पडलं नाही, आणि दुसरी म्हणजे त्याच्या डेकवर कधी जोड दिसला नाही. जोड म्हणजे जिथे एक ओल संपली आणि ती सुकल्यावर दुसरी सुरू झाली, ती काळपट रेघ. जोड नको असेल तर एकदा फळी घेतली की या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता जायचं. फोन वाजू दे, दार वाजू दे, थांबायचं नाही. कडा ओली ठेवायची. तो ब्रशनं पुढे जायचा आणि मागून इर्मा गुडघ्यांवर बसून फडक्यानं जास्तीचा रंग पुसत यायची. लाकडाला हवा तेवढा ते पितं, बाकीचा पंधरा-वीस मिनिटांत पुसून घ्यावा लागतो. मग ती फडकी अंगणातल्या दगडांवर एकेक सुटी वाळत घालायची, कारण गोळा करून टाकली तर आपली आपण पेट घेतात. तिचं गुणगुणणं चाललेलं असे आणि तो गप्प. लग्नानंतर तीन वर्षांनी हा डेक बांधला आणि त्यानंतर दर तीन वर्षांनी दोघं असे एकामागून एक गुडघ्यांवर सरकत गेले. यालाच संसार म्हणायचं असेल तर तो चांगला झाला असंही म्हणता येईल. फक्त एक वर्ष सोडून.

एकोणनव्वद साली इर्मा मागून पुसत नव्हती. ट्रूडीला ताप होता म्हणून ती आत होती, आणि आर्वो एकट्यानं दोन्ही कामं करत चिडचिडा झाला होता. अर्धा डेक झाला होता. मधल्या लांब फळीवर तो निम्म्यात आला असताना दार सरकल्याचा आवाज झाला आणि इर्मा अनवाणी बाहेर आली. ओल्या रंगावर तिनं तीन पावलं टाकली. त्यानं मान वर केली ती तिच्या तोंडाकडे बघायला नाही, तिच्या पायांकडे. मग तो ओरडला. काय ओरडला ते त्याला शब्दाशब्दानं आठवत होतं. डोळे फुटले का तुझे, असं तो ओरडला. ती काहीतरी बोलायला लागली तर म्हणाला, जे काय असेल ते फळी पुरी झाल्यावर सांग. आणि ती थांबली. तेच तर त्याला आजवर सहन झालं नव्हतं, की ती थांबली. मागच्या मागे, आपल्याच उमटलेल्या पावलांवर नेमकी पावलं ठेवत ती आत गेली, रॉकेलनं तळवे पुसले, दाराला आतून खुर्ची आडवी लावून बसली, ट्रूडी पळत बाहेर येऊ नये म्हणून. आर्वोनं ती फळी पुरी केली. मग हात लागलाच आहे म्हणून उरलेल्या सहा पुऱ्या केल्या. दोन तासांनी हात धुऊन तो आत आला, हं, काय म्हणत होतीस, असं विचारलं, आणि मग तिनं सांगितलं की वॉल्ट गेला. तिचा धाकटा भाऊ. सकाळी बोट उलटली, किनाऱ्यापासून लांब नव्हे. दोन तास ती हे पोटात धरून खुर्चीवर बसली होती. रडलीसुद्धा नव्हती, कारण रडली असती तर ट्रूडीनं विचारलं असतं.

त्याबद्दल तो कधी बोलला नाही. तीही नाही. त्यानंतर डेक रंगवून झाला की, तो सुकल्यावर आर्वो स्वतः येऊन 'चल आता' म्हणेपर्यंत ती बाहेर पाऊल टाकत नसे. आणि 'चल आता' म्हणताना दर वेळी त्याच्या जिभेवर ती दुसरी गोष्ट यायची आणि परत जायची. त्यानंतर आठ वेळा रंग दिला म्हणजे आठ वेळा आली आणि गेली. ती तीन पावलं त्यानं पुसून, वरून रंग देऊन घालवली होती. तरी पुढची काही वर्षं तिरप्या उजेडात, कॉफी पिता पिता, ती दिसायची. मग झिजून गेली. बुधवारी डेक धुऊन घासताना तो त्या मधल्या फळीवर जास्त वेळ रेंगाळला. तिथे काही नव्हतं.

त्याला हवं होतं ते इतकंच. रविवारी इर्मानं त्या रंगावर पाऊल टाकावं, त्यानं ओरडू नये, आणि म्हणावं, सांग, काय सांगायचं होतं. ती काय सांगेल, काही सांगेल का, याचा विचार तो करत नव्हता. रंग तोच असला तर जागा तीच होईल, आणि जागा तीच झाली तर तीही क्षणभर तिथे येईल, असं त्याच्या डोक्यानं घेतलं होतं. अशा गोष्टी माणूस कुणाला बोलून दाखवत नाही. बोलून दाखवल्या की त्या कशा वाटतात ते त्याला कळत होतं.

गुरुवारी धुकं होतं. तलाव दिसत नव्हता, फक्त बंदरात शिरणाऱ्या एका जहाजाचा भोंगा ऐकू येत होता. त्यानं फळ्यांवर चार ठिकाणी पाणी शिंपडलं. थेंब लगेच आत गेले, म्हणजे लाकूड तहानलेलं होतं. तो गुडघ्यांवर बसला आणि सुरू झाला. दोन फळ्या पुढे जायचा, उठायचा, गुडघा कुरकुरायचा, मागे येऊन फडकं घेऊन पुसायचा, तोवर पुढची कडा सुकायला लागायची, परत पुढे धावायचा. धावायचा म्हणजे काय, सरकायचा. दुपारी बारापर्यंत त्याच्या जन्मात न पडलेले चार जोड पडले होते. संध्याकाळी कापलेला तुकडा त्यानं रंगाशेजारी ठेवून पाहिला. सारखा नव्हता. फिकट होता, पिवळ्याकडे झुकणारा, कुठल्यातरी नव्या घराच्या नव्या डेकसारखा. त्यानं तुकडा उलटा केला, सुलटा केला, दूर जाऊन पाहिलं. नव्हताच सारखा.

ट्रूडीचा फोन आला. "बाबा, जेवलास का?"

"हो."

"काय?"

"ते तू फ्रीजमध्ये ठेवलेलं."

"ते सोमवारचं होतं. बाबा, गॉर्डीकाकांनी सांगितलं मला. तू डेक रंगवतोयस."

"हं."

"अरे, ते लोक तो तोडणार आहेत. आणि आईला काही कळणार नाही. मी तुला दुखवायला नाही म्हणत. पण तू मनात काहीतरी धरून बसतोस आणि मग..." तिनं वाक्य सोडून दिलं. तिचा आवाज इर्मासारखाच होता, वाक्य सोडून द्यायची सवयही तीच.

"तिला रंग आवडायचा," आर्वो म्हणाला.

"हो रे. माहितेय मला."

शुक्रवारी सकाळी त्यानं दुसरा हात दिला. आपण काय करतोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. शेजाऱ्यापाजाऱ्यांना, चर्चमधल्या नवशिक्यांना, ट्रूडीच्या नवऱ्याला त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं की दुसरा हात म्हणजे हावरटपणा, लाकूड एकदाच पितं. पण त्यानं डबा उघडला, ढवळला आणि लावत गेला, आणि पुसलं नाही. पुसला तर रंग उतरेल अशी भीती वाटली. संध्याकाळपर्यंत तो रंग आला. तुकडा ठेवून पाहिला तर तुकडा कुठे संपतो आणि डेक कुठे सुरू होतो ते कळेना. जुनं खोगीर. आर्वो पायरीवर बसला आणि तोंडावर हात धरून थोडा रडला. त्याला बरं वाटलं, खरंच बरं वाटलं, फार वर्षांनी. शनिवारी ऊन पडेल म्हणत होते, ते पडलं नाही. तलावावरून दिवसभर गार ओलसर हवा येत राहिली आणि डेक तकतकत राहिला. त्यानं बोट लावलं, बोट किंचित धरलं गेलं. सुकेल उद्यापर्यंत, असं तो स्वतःशी म्हणाला. क्रेनवर असं कुणी म्हटलं असतं तर त्यानं त्याला खाली उतरवलं असतं.

रविवारी बरोबर दोन वाजता गाडी आली. आर्वोनं धुतलेला शर्ट घातला होता. वेलदोडे घातलेला गोड पाव आणला होता, इर्मा घरी करायची तसा, फक्त बेकरीतला. तो मागच्या पायऱ्यांवरून डेकवर चढून मधोमध उभा राहिला, कारण ती दारातून बाहेर येईल तेव्हा त्याला समोर असायचं होतं. आतून ट्रूडीचा आवाज आला, "ये आई, इकडून. हळू." मग काचेचं दार सरकलं. तोच आवाज. इर्मा निळ्या स्वेटरमध्ये उभी होती, लहानखुरी झालेली, केस कुणीतरी भलत्याच बाजूला विंचरलेले. तिनं खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं, निवासात दीड वर्षात न दिसलेलं, जाग आल्यासारखं. तिनं वाकून बूट काढायला सुरुवात केली, एक काढला, आणि थांबली. मग दाराच्या चौकटीला हात आडवा लावून तिनं ट्रूडीला मागे सारलं.

"ओलं आहे," ती म्हणाली.

"नाही गं आई, सुकलंय. शुक्रवारचं आहे."

"ओलं आहे. चकाकतंय बघ." मग तिनं आर्वोकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अहो, तुम्ही उतरा तिथून. माझ्या नवऱ्यानं आत्ताच रंग दिलाय. ओरडेल तो."

"नाही ओरडणार," आर्वो म्हणाला. "इर्मा, ये. चल आता."

"तुम्हाला माहीत नाही तो. मनाचा वाईट नाही. पण एकदा फळी हातात घेतली की मधे बोललेलं त्याला चालत नाही. पुरी होईपर्यंत थांबावं लागतं." तिनं हे त्याची बाजू घेत सांगितलं, बल्बवाल्या माणसाचा गैरसमज होऊ नये म्हणून.

आर्वोनं एक पाऊल पुढे टाकलं. बुटाचा तळ सुटताना चर्र असा आवाज झाला. तिघांनाही तो ऐकू आला. इर्मानं मान हलवली, सांगितलं नव्हतं का, अशी.

"इर्मा," तो म्हणाला. त्याचा आवाज त्याला स्वतःला ओळखू आला नाही. "तुला काय सांगायचं होतं? त्या दिवशी. सांग. मी ऐकतोय."

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, भीतीही नव्हती, परक्या माणसाशी असावी तेवढी सभ्यता होती. "ते तुम्हाला कसं सांगू?" ती म्हणाली. "ते त्याला सांगायचंय."

ट्रूडीनं तोंड फिरवलं. इर्मानं स्वयंपाकघरातली खुर्ची ओढत आणली, कुणाची मदत न घेता, दाराला आडवी लावली आणि तीवर बसली, हात मांडीवर ठेवून. एका पायात बूट, एक पाय उघडा. आर्वो मागच्या पायऱ्यांनी खाली उतरला. घराला वळसा घालून पुढच्या दारानं आत आला, कामावर आलेल्या माणसासारखा पायपुसण्यावर बूट घासून. आणखी एक खुर्ची घेऊन तो तिच्या शेजारी बसला. दोघं काचेतून बाहेर बघत राहिले. धुकं वर गेलं होतं आणि तलाव थोडा दिसत होता. ट्रूडीनं कॉफी आणि पाव आणून दिला. इर्मानं आपल्यातला अर्धा पाव तोडून त्याला दिला आणि म्हणाली, अजून दोन तास तरी लागतील, सहा फळ्या राहिल्यात. आर्वोनं डेककडे पाहिलं. रंग सुंदर बसला होता, त्यात काही वाद नव्हता. त्याचं तोंड उघडलं होतं, ती आठ वेळा आलेली गोष्ट नवव्यांदा आली होती, आणि या वेळी त्यानं ती बोलूनही टाकली. माफ कर मला, असं तो स्पष्ट म्हणाला. इर्मा कॉफीवर फुंकर मारत होती. "काही हरकत नाही," ती म्हणाली, "तुम्हाला काय ठाऊक ओलं आहे म्हणून."

पाच वाजता ट्रूडी कोट घेऊन आली. तिनं आईच्या पायात बूट घातला, बंद बांधले. इर्मा उठायला तयार नव्हती, दाराकडे बघत होती, मग उठली. पुढच्या दाराशी पोचल्यावर ती वळली आणि आर्वोच्या बाहीला हात लावून म्हणाली, "तो आत आला की त्याला सांगाल ना? मी पुष्कळ वेळ थांबले होते म्हणावं."

"सांगतो," आर्वो म्हणाला.